पहिला फोटो अंधाराचा

लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा पहिला घास घ्यायच्या आत विचारतो, "काका, पोरीला कॅमेरा घ्यायचाय. दुकान कुठलं गाठावं?" कोणता कॅमेरा घ्यावा हे मला कुणी विचारत नाही, ते मोबाईलवर बघून आलेले असतात. त्यांना भरवशाच्या दुकानदाराचं नाव हवं असतं. मी शेवगावात उभी हयात कॅमेरे विकले, त्यामुळे विचारतात त्यात चूक नाही. पण नाव सांगायचं मी अलीकडे सोडलं आहे. मी खवचट म्हातारा झालोय असं लोकांना वाटतं. ते खरंही आहे, पण नाव न सांगण्याचं कारण वेगळं आहे.

आता दुकानाच्या पुढच्या भागात मुलगा मोबाईल विकतो. मागे खिडकीपाशी एक टेबल आहे, तिथं मी जुने कॅमेरे उघडून बसतो. मुलाच्या मते ही माझी करमणूक आहे.

धंद्यातलं थोडं सांगतो. 'सीलबंद आहे' या शब्दावर कुणी जाऊ नये. प्लास्टिकचं वेष्टन केस वाळवायच्या यंत्रानं पुन्हा चिकटवता येतं, आणि ते काम इतकं सफाईनं करणारे लोक आहेत की कंपनीनं त्यांच्याकडे शिकायला यावं. खोक्यावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर एकच आहे का ते बघावं. 'जुना स्टॉक आहे, पण न वापरलेला' असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं तर आपला हात खिशावर ठेवावा. हे सगळं करूनही फसता येतं. म्हणून माझ्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकासमोर खोकं फोडायचं, बॅटरी घालायची, काचेवरचं झाकण तसंच ठेवायचं आणि बटण दाबून बराच वेळ थांबायचं. म्हणजे पहिला फोटो अंधाराचा काढायचा.

कॅमेऱ्याच्या पोटात उजेड टिपणारे लाखो बारीक कण असतात. त्यातले काही जन्मतःच बिघडलेले निघतात. उजेडात ते कळत नाहीत. अंधाराचा फोटो काढला की काळ्यावर तांबडे, निळे ठिपके होऊन चमकतात. प्रत्येक कॅमेऱ्याचे ठिपके वेगळे, अंगावरच्या तिळांसारखे. वय वाढेल तसे नवे येतात, जुने जागा सोडत नाहीत. ठिपके जास्त दिसले तर मी तो कॅमेरा परत ठेवायचो आणि दुसरा काढायचो.

गिऱ्हाइकांना ही रीत मुळीच आवडायची नाही. "नव्या वस्तूची सुरवात काळोखानं व्हय? आधी गनपतीचा काढा की!" एका मास्तरांनी तर झालेला सौदा मोडला होता. शेवटी बायकोनं गल्ल्यामागे गणपतीची तसबीर लावली आणि तोड काढली, की पहिला फोटो अंधाराचा, दुसरा गणपतीचा. मी मात्र असल्या गोष्टी मानणारा नव्हतो. अंधारात बिघडलेले कण दिसतात, दुसरं काही नाही, असं मी सगळ्यांना तोंडावर सांगायचो.

अंकुश माझ्याकडे आला तेव्हाही मी हेच सांगितलं. बोधेगावच्या पुढं एका वस्तीवर राहणारा, ऊसतोडीला जाणारा हा माणूस. किडकिडीत, पण आवाज असा की समोरच्या हॉटेलात ऐकू जावा. बायको मंगल सोबत होती. त्याला खिशात मावेल असा लहान कॅमेरा हवा होता. कारखान्यावर कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या टाकून सहा-सहा महिने राहायचं, पोरं गावाकडे म्हाताऱ्यांपाशी. टोळीतल्या लोकांचे फोटो काढून गावाकडे धाडावेत, पोरं आईबापाचं तोंड विसरू नयेत, असं त्याच्या मनात होतं. तेव्हा मोबाईल सगळ्यांच्या हातात आले नव्हते.

मी अंधाराचा फोटो काढून दाखवला. डाव्या कोपऱ्यात तीन तांबडे ठिपके ओळीत, आणि त्यांच्या खाली एक पांढरट.

"हा नको," मी म्हणालो. "दुसरा देतो."

"राहू द्या शेठ," तो पडद्यात डोळे घालून म्हणाला. "अंधारात कुनीतरी चिमनी लावून बसलंय असं दिसतंय. आमच्या वस्तीवानी. हाच द्या."

"अवो, शेठ चांगलं सांगत्यात," मंगल म्हणाली.

"लांबून यायचं म्हनलं की एवढा एक दिवा दिसतो. असू दे."

तो कॅमेरा घेऊन गेला. हंगाम संपला की फोटो छापायला माझ्याकडे यायचा. कोपीपुढं बसलेली म्हातारी, बैलाच्या गळ्यात पडलेलं पोर, कोयत्याला धार लावणारं जोडपं. संध्याकाळच्या प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात ते ठिपके असायचे. मी ते पुसून छापतो म्हटलं की तो हात आडवा घालायचा. फोटो मात्र असे काढायचा, की खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा.

मग एका हंगामात टोळी परत आली, अंकुश आला नाही. कोपीतून कॅमेरा घेऊन बाहेर पडला, एवढंच सोबतच्यांनी सांगितलं. तक्रार झाली, शोध झाला. मंगल माझ्या दुकानात आली. "भाऊ, फोटो छापायला तुमच्याकडं आलते का?" नाही म्हणताना मला जड गेलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी शेवगावला आली की ती दुकानाच्या पायरीशी थांबायची आणि तेच विचारायची. पुढं पुढं विचारायचीही नाही. नुसती बघायची, मी मान हलवायचो, आणि ती जायची. ती तोडीला जायचं सोडून वस्तीवरच राहिली, लोकांच्या शेतात कामाला जाऊ लागली.

बरीच वर्षं गेली. लहान कॅमेरे मेले. आम्ही दुकानदारांनी त्यांचं तेरावंही घातलं. आणि आता अलीकडे कॉलेजच्या पोरींना तेच कॅमेरे पुन्हा हवेसे झाले. मोबाईलचा फोटो फार स्वच्छ येतो म्हणे, त्यात मजा नाही. जुन्या लहान कॅमेऱ्यांना असा भाव आला की भंगारातले बाहेर निघाले.

या होळीनंतर सायली नावाची मुलगी असा एक कॅमेरा घेऊन आली. मूळची शेवगावची, शिकायला नगरला. (पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो.) तिथल्या एका दुकानातून तिनं होळीला 'जुना स्टॉक, न वापरलेला, सीलबंद' घेतला होता.

"काका, फसले का हो मी?"

"फसलीस," मी खोक्याकडे बघूनच म्हणालो. वेष्टन चिकटवणारा हात माझ्या ओळखीचा होता. त्या दुकानदाराला मी इथं दिलीपशेठ म्हणतो. मंगल, अंकुश, सायली ही नावंही मी बदललेली आहेत.

तरी रीत म्हणून झाकण ठेवून अंधाराचा फोटो काढला. काळ्या पडद्यावर पुष्कळ ठिपके होते, वापर झालेला कॅमेरा होता तो. मी डावा कोपरा मोठा केला.

तीन तांबडे ओळीत, खाली एक पांढरट.

भर दुपार होती. बाहेर टेम्पो उभा होता, पोरगा गिऱ्हाइकाशी चार्जरवरून हुज्जत घालत होता, आणि मी त्या ठिपक्यांकडे बघत बसलो होतो. सायलीनं दोनदा हाक मारल्यावर मी तिला अंकुशची गोष्ट सांगितली. मग मला आठवलं, की या कॅमेऱ्यांच्या पोटात स्वतःची थोडी जागा असते. कार्ड नसलं तर चार-दोन फोटो तिथं साठतात. विकणारे कार्ड काढतात, पोटात बघायचं विसरतात. मी सायलीचं कार्ड काढून बटण दाबलं.

फोटो होते. सगळे काळे.

"झाकण लावून काढलेत," सायली म्हणाली.

मी ते संगणकावर घेऊन उजेड वाढवत गेलो. काळ्याचा करडा झाला, करड्यातून रेघा निघाल्या. एका घराचं छप्पर, उसाच्या पाचटाचं. दुसऱ्या फोटोत तेच घर जरा जवळून, अंगणातला पाण्याचा पिंप. पुढच्यात उंबरा आणि किलकिलं दार. आणखी जवळून दाराच्या फटीतून दिसणारी बाज. काढणारा एकेका फोटोला पुढं पुढं सरकत होता. शेवटचा फोटो घराच्या आतून काढलेला होता. बाजेवर कुणीतरी तोंडावर पदर घेऊन झोपलेलं, आणि वर छप्पर नव्हतं, पत्रे होते. डाव्या कोपऱ्यात ते ठिपके. प्रत्येक फोटोत ते जागच्या जागी होते, जणू काढणाऱ्याच्या हातात तेवढाच दिवा होता.

सायली खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. तारखा बघाव्यात तर कॅमेऱ्याचं घड्याळ केव्हाच मेलेलं. बॅटरी फार दिवस बाहेर राहिली की ते पहिल्या दिवसावर जाऊन बसतं. सगळ्या फोटोंवर कॅमेरा जन्मला तेव्हाची एकच तारीख होती.

बाजाराच्या दिवशी मंगल पायरीशी आली तेव्हा मी मान हलवली नाही. आत या म्हटलं. ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि मी एकेक फोटो पुढं केला.

"आमचं छप्पार हाय," ती म्हणाली. मग, "हा पिंप." बाजेच्या फोटोशी आली तेव्हा तिनं स्वतःच्या पदराला हात लावला. "ही मी हाय. मी अशीच झोपते." शेवटचा फोटो आला. ती वाकली, पत्र्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, हे पत्रं तर ह्या संक्रांतीनंतर टाकलं!"

"नक्की?"

"दीर आन मी मिळून टाकलं. वरचा खिळा माज्याच हातनं वाकडा बसलाय, ह्यो बघा." आणि तिचं तोंड एकदम उजळलं. इतक्या वर्षांत मी तिला तसं पाहिलं नव्हतं. "म्हंजी हायेत ते! येत्यात, बघत्यात आन जात्यात. त्यांच्यापायी मी दाराला कडीच लावत न्हाई, शिंगणापूरवानी. लोकं हसत्यात मला. आन हा बाबा आत येऊन उठवीत बी न्हाई, व्हय?" ती हसत होती आणि डोळे पुसत होती. सायलीनं कॅमेरा तिच्या हातात ठेवला आणि पुन्हा मागितला नाही. मलाही फार बरं वाटलं. माणूस जिवंत होता, कसल्या तरी लाजेपायी समोर येत नव्हता, आणि संक्रांतीनंतर कधीतरी अडचणीत कॅमेरा विकून बसला होता. दिलीपशेठला विचारलं की माग लागेल, एवढाच प्रश्न होता.

मी एकटाच नगरला गेलो. दिलीपशेठ माझा जुना व्यवसायबंधू. माणूस प्रेमळ, पण सकाळी दुकान उघडलं की संध्याकाळपर्यंत खरं बोलत नाही. मला बघून त्यानं चहा सांगितला.

"सील मीच मारलं, त्यात काय लपवायचं," तो म्हणाला. "पोरीला परत करायचा असंल तर करू द्या."

"कॅमेरा कुणी आणला तुझ्याकडं?"

"भंगारवाल्यानं. दिवाळीच्या आधी."

"संक्रांतीनंतर म्हण."

"दिवाळीच्या आधी, मामा. कारखान्याच्या बाजूला कालवा हाय, त्याच्या कडंला बाभळीला पिशवी आडकवलेली, प्लास्टिकात घट्ट बांधलेली. जुनी, पार विटलेली. आन खाली चपला. चपला त्यानं तिथंच ठेवल्या. असल्या चपला उचलत नसत्यात, म्हणला." त्यानं चहा पुढं सरकवला. "कॅमेरा ह्या काचेच्या कपाटात पडून हुता. किल्ली माझ्या करदोट्याला. बॅटरी फुगलेली, ती मी तवाच फेकली. नवी मागवली ती होळीच्या तोंडावर. तवर ह्यो चालतो का न्हाई ते बी मला म्हाईत न्हवतं."

मी त्याला शेवटचा फोटो दाखवला आणि हे पत्रे संक्रांतीनंतर टाकलेत, असं सांगितलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं आधी फोटोकडे पाहिलं, नंतर कपाटाकडे. कपाटातल्या बाकीच्या कॅमेऱ्यांच्या काचा आमच्याकडे तोंड करून होत्या. तो उठला आणि त्यांच्यावर फडकं टाकलं.

"खोटं बोलतोयस," मी म्हणालो.

"शिंगणापूरला चला," तो म्हणाला. "आत्ता चला. गाडी काढतो. चौथऱ्यापुढं उभा ऱ्हाऊन हेच सांगतो."

या माणसाला मी ओळखतो. दर शनिवारी तेल घालायला जातो. गिऱ्हाइकाच्या पोराबाळांची शपथ खाईल, स्वतःच्या आईची खाईल, पण त्या देवापुढं खोटं बोलायची त्याची छाती नाही. एकदा असाच वाद झाला तेव्हा अर्ध्या वाटेतून गाडी वळवून त्यानं सगळं कबूल केलं होतं. आज तो माझा हात धरून ओढत होता. "चला ना मामा. मला एकट्याला आता हितं बसवायचं न्हाई."

मी गेलो नाही. मला काम आहे म्हणालो आणि एसटी पकडली. घोडेगावला शिंगणापूरचा फाटा आला, तेलाच्या बाटल्या घेतलेली माणसं उतरली, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, की दुकानदाराचा शब्द पारखून घ्या. त्या दिवशी शब्द पारखायची सोय पायाशी होती आणि मला ती नको होती. तो खोटं बोलत असेल तर अंकुश जिवंत आहे. तो खरं बोलत असेल तर दिवाळीच्या आधीपासून कुलपात पडलेल्या, बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्यानं तिच्या घरात जाऊन फोटो काढला. एखादा दुकानदार लबाड निघावा, अशी मी तेवढ्या एकाच वेळी मनापासून प्रार्थना केली.

मंगलच्या दिराला मी कालव्याचं सांगितलं. तो पोलीस ठाण्यात जाऊन आला, भंगारवाला काही सापडला नाही. वहिनीला बोलू नका, असं तोच म्हणाला. तिला वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे.

पुढच्या बाजाराला ती आली. केस नीट विंचरलेले, हातात नव्या बांगड्या.

"काय म्हनला दुकानदार?"

"दिवाळीच्या आधी आला म्हणतो."

हिशेब तिलाही कळत होता. "मंग पत्र्याचा फोटो कसा?"

"तेच तर."

"भाऊ, तो खरं बोलतो का खोटं?"

असा प्रश्न मला गिऱ्हाइकांनी पुष्कळ वेळा विचारला आहे आणि मी खरं तेच सांगत आलो. म्हणूनच तर ती माझ्या पायरीशी येत होती.

"एक नंबरचा खोटारडा आहे," मी म्हणालो. "सगळ्या नगरला माहीत आहे."

"तुमी सांगता म्हंजी तसंच आसंल," ती म्हणाली आणि तिनं सुस्कारा सोडला. "मंग कडी न्हाई लावत." त्या दिवसापासून भरवशाच्या दुकानदाराचं नाव मी कुणाला सांगत नाही.

कॅमेरा आता तिच्या घरात दारापाशी खुंटीला असतो. त्यातली बॅटरी मी काढून घेतली आणि माझ्या गल्ल्यात ठेवली. बॅटरी घरी ठेवली की फुगते, असं तिला सांगितलं. दर बाजाराला ती कॅमेरा पदरात गुंडाळून आणते आणि टेबलावर ठेवते. "बघा बरं, काही नवीन आलंय का." मी बॅटरी घालतो, बटण दाबतो आणि पडदा आधी तिच्याकडे करतो. तिनं बघितल्याशिवाय मी बघत नाही.

अजून तरी शेवटचा फोटो तोच आहे. ती दर वेळी हिरमुसते. मला दर वेळी सुटल्यासारखं होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून त्याची फार लाज वाटते.